सोबतीची वर्गणी

व्हॉट्सॲपवर ग्रुप काढायला पैसा लागत नाही. टेलिग्राम आणि फेसबुकवरही नाही. त्यामुळे गेल्या काही वर्षांत मराठीत आधाराचे पुष्कळ ग्रुप निघाले: स्मृतिभ्रंश झालेल्या आईवडिलांना सांभाळणाऱ्यांचे, स्वमग्न मुलांच्या पालकांचे, घटस्फोटातून जाणाऱ्या बायकांचे, स्पर्धा परीक्षांच्या मागे वय निघून चाललेल्या मुलामुलींचे. त्यातल्या काहींनी पुढे वर्गणी सुरू केली, काहींनी कार्यशाळा. घरबसल्या, थोडक्या भांडवलात करता येणारा व्यवसाय म्हणून आता अनेक जण याकडे पाहतात. प्रश्न असा की हे टिकते का, कोणाच्या पैशावर टिकते, आणि पैसा आल्यावर त्यातला आधार शिल्लक राहतो का.

जगात याचे प्रयोग चाळीस वर्षे चालू आहेत आणि त्यांचे निकाल आपल्यासमोर आहेत. ते पाहताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. यंत्रणा स्वस्त असते, माणसांचे लक्ष महाग असते आणि त्या लक्षाचे पैसे जो देतो त्याच्याकडे ग्रुपचे तोंड वळते.

१९८५ साली सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॉसालिटो गावात स्ट्युअर्ट ब्रँड आणि लॅरी ब्रिलियंट यांनी ‘द वेल’ हे ऑनलाइन चर्चेचे व्यासपीठ सुरू केले. ब्रिलियंट भारताला परके नाहीत. सत्तरच्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेच्या देवी निर्मूलन मोहिमेत ते आपल्याकडे काम करत होते. वेलवर यायचे तर मोडेम लागे, फोनचे बिल येई आणि वर वेलचा आकार वेगळा. नाव लपवून लिहिता येत नसे. आपण लिहू त्या शब्दांचे धनी आपणच, हा तिथला पहिला नियम. हॉवर्ड ऱ्हाइनगोल्ड यांनी १९९३च्या ‘द व्हर्च्युअल कम्युनिटी’ या पुस्तकात तिथल्या पालकांच्या विभागाबद्दल लिहिले आहे. एका सभासदाच्या लहान मुलाला रक्ताचा कर्करोग असल्याचे निदान झाले. बापाने ते तिथे लिहिले आणि एरवी मुलांच्या झोपेबद्दल, शाळेबद्दल गप्पा मारणारी माणसे त्याच्याभोवती जमली. कोणी माहिती शोधून दिली, कोणी नुसते रोज विचारत राहिले. वेलचे सभासद काही हजारांच्या घरातच राहिले. १९९९मध्ये ते सॅलॉन या नियतकालिकाच्या कंपनीकडे गेले. २०१२मध्ये सॅलॉनला ते नकोसे झाले, तेव्हा जुन्या सभासदांनीच पैसे उभे करून ४ लाख डॉलरना विकत घेतले. वर्षानुवर्षे वर्गणी भरलेल्या माणसांना ती जागा आपली वाटत होती, म्हणून हे जमले. ज्या ठिकाणी सगळे फुकट असते तिथे बंद पडण्याच्या वेळी हळहळ पुष्कळ होते, पण पैसे घेऊन पुढे येणारे सापडत नाहीत. ऑर्कुट २०१४मध्ये बंद झाले, याहू ग्रुप्स २०२०मध्ये. निंगने २०१०मध्ये फुकट सेवा थांबवली आणि तिच्यावर उभे असलेले लहान लहान समूह एका घोषणेने उघड्यावर आले.

जाहिरातीवर जगणाऱ्यांचे काय होते, हे मेटाफिल्टरच्या गोष्टीत नीट दिसते. १९९९मध्ये मॅट हॉई या एका माणसाने हे चर्चेचे संकेतस्थळ सुरू केले. २००४पासून नव्या सभासदाला एकदाच ५ डॉलर भरावे लागत. रक्कम किरकोळ, पण शिवीगाळ करायला आलेला माणूस दारातूनच परत जायला तेवढी पुरत असे. पगारी नियंत्रक दिवसरात्र पाळीने लक्ष ठेवत. तिथल्या ‘विचारा’ विभागात घर बदलण्यापासून नवरा मारतो इथपर्यंत सगळे प्रश्न यायचे आणि सभ्यपणे सोडवले जायचे. २०१०मध्ये एका सभासदाने लिहिले की रशियातून आलेल्या त्याच्या ओळखीच्या दोन तरुणी संशयास्पद नोकरीसाठी न्यूयॉर्कला निघाल्या आहेत आणि कोणाचे ऐकत नाहीत. काही तासांत त्या शहरातले सभासद हलले, मुलींना गाठले, एका सभासद बाईने त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. एवढी जिवंत जागा. पण तिचा बहुतेक खर्च निघत होता गुगलच्या जाहिरातींतून. नोव्हेंबर २०१२मध्ये गुगलने शोधाची पद्धत बदलली आणि येणाऱ्या वाचकांत सुमारे ४० टक्के घट झाली. सभासद होते तेवढेच होते, त्यांचे एकमेकांशी वागणेही तसेच होते. तरी २०१४मध्ये पगारी नियंत्रक कमी करावे लागले. मग सभासदांनी दरमहा देणग्या सुरू केल्या आणि मेटाफिल्टर तगले. माझ्या मते लहान भांडवलवाल्याने या एका उदाहरणाचा अभ्यास करावा आणि बाकीची पुस्तके नंतर वाचावीत.

जाहिरात नेहमीच घातक असते असेही नाही. विणकाम करणाऱ्यांसाठी २००७मध्ये एका अमेरिकन जोडप्याने काढलेले रॅव्हलरी हे संकेतस्थळ लोकर विकणाऱ्या लहान दुकानदारांच्या जाहिरातींवर आणि विणीचे नमुने विकण्यातल्या कमिशनवर मोजक्या माणसांत चालले. जाहिरात देणारे त्याच समूहातले होते, हे त्याचे कारण. पण दुःखाभोवती जमलेल्या ग्रुपला जाहिरात कोण देणार? औषधवाला, विमेवाला, चमत्कारी काढेवाला.

यावरचा सर्वांत धाडसी प्रयोग पेशंट्सलाइकमी. मॅसॅच्युसेट्समधल्या हेवूड कुटुंबातल्या स्टीफनला १९९८मध्ये, ऐन तिशीच्या उंबरठ्यावर, एएलएस झाला. स्नायूंवरचा ताबा हळूहळू घालवणारा हा असाध्य आजार. त्याच्या भावांनी आणि त्यांच्या मित्राने २००४मध्ये ही कंपनी काढली. रुग्णाने आपली लक्षणे, औषधांचे डोस, त्रास सगळे नोंदवायचे, आपल्यासारख्याच दुसऱ्याशी ताडून पाहायचे, बोलायचे. सभासदाला खर्च शून्य. कंपनी नावे काढलेली माहिती औषध कंपन्यांना विकते हे तिथे उघड लिहिलेले होते. यातून खरे काम झाले. लिथियममुळे एएलएसचा वेग मंदावतो असा दावा २००८मध्ये एका इटालियन अभ्यासाने केला. इथल्या रुग्णांनी ते घेऊन पाहिले, नोंदी ठेवल्या आणि त्या नोंदींवरून लिथियमचा उपयोग होत नाही हे २०११मध्ये ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त छापून आले. हताश माणसांना एका खोट्या आशेतून बाहेर काढणे हाही आधारच. पण २०१०मध्ये दुसऱ्याच एका बाजारसंशोधन कंपनीने सभासद म्हणून शिरून तिथले खासगी संवाद यंत्राने उपसल्याचे उघड झाले. २०१९मध्ये चिनी भागीदाराच्या गुंतवणुकीला अमेरिकी सरकारने हरकत घेतली आणि पेशंट्सलाइकमी युनायटेडहेल्थ या विमा व्यवसायातल्या समूहाकडे गेले. ज्यांनी वर्षानुवर्षे आपले दुखणे तिथे मांडले, त्यांना या व्यवहारात मत नव्हते.

आपल्याकडे मातांसाठी मुंबईत निघालेले बेबीचक्र २०२१मध्ये मायग्लॅमने घेतले. सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीला आयांचा समूह हवा होता तो ग्राहक म्हणून. मायग्लॅमचा गुड ग्लॅम हा उद्योगसमूह २०२५मध्ये कर्जाखाली मोडला. बाळंतपणानंतरच्या उदासीबद्दल जिने रात्री काही लिहिले असेल, तिचा या उलाढालीशी काय संबंध होता?

मराठीत याची सुरुवात फार लवकर झाली. अमेरिकेत राहणाऱ्या अजय गल्लेवाले यांनी १९९६च्या गणेश चतुर्थीला मायबोली सुरू केली, तेव्हा युनिकोड देवनागरी कोणाच्या संगणकावर रुळलेली नव्हती. परदेशातल्या मराठी माणसाला किराणा कुठे मिळतो इथपासून मूल मराठी बोलत नाही इथपर्यंत सगळे विचारायला ती एक जागा झाली. पुढे तिने पुस्तके विकली, जाहिराती घेतल्या, आणि स्त्रियांसाठी ‘संयुक्ता’ नावाचा बंद विभाग ठेवला. त्या बंद दाराचे महत्त्व मोठे आहे. सासरच्या छळाबद्दल चारचौघांत लिहिणे आणि फक्त बायका वाचतील अशा ठिकाणी लिहिणे यांत जमीन-अस्मानाचा फरक. इंटरनेटच्या बाहेरही हा वारसा आहे. प्रा. जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात उभी केलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, पुण्याचेच पार्किन्सन्स मित्रमंडळ, दारू सोडू पाहणाऱ्यांचे, अल्कोहोलिक्स अनॉनिमसचे गावोगावचे गट. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या परंपरेत बाहेरून पैसा घ्यायचाच नाही असा दंडक आहे. सभेत जे बसतात त्यांनीच जमेल ते टाकायचे. १९३५पासून ती संघटना चालली आहे. आणि वर्गणी देऊन संस्था चालवणे महाराष्ट्राला शिकवावे लागत नाही. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३चे आहे.

आता खर्चाकडे येऊ. बहुतेक जण सुरुवातीला सॉफ्टवेअर, लोगो, ॲप यांवर पैसे घालवतात. त्यांपैकी कशाचीही गरज नसते. पैसे लागतात ते कशाला, हे जवळून पाहिले पाहिजे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना सांभाळणाऱ्यांचा ग्रुप घ्या. रात्री साडेअकराला मेसेज येतो, “बाबांनी आज मला ओळखलं नाही. ‘तुम्ही कोण’ म्हणाले.” लिहिणारी कालच ग्रुपवर आलेली आहे. पुढच्या दहा मिनिटांत तीन गोष्टी घडू शकतात. कोणीच काही लिहीत नाही आणि सकाळी त्यावर शुभ प्रभातचे फूल येऊन बसते. किंवा कोणी ‘काळजी घ्या, देवावर श्रद्धा ठेवा’ म्हणून मोकळा होतो आणि दुसरा ब्राह्मीच्या गोळ्यांची लिंक टाकतो. किंवा एखादी अनुभवी बाई लिहिते, “माझ्या आईनं पहिल्यांदा असं केलं तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते. आज त्यांच्याशी वाद घालू नका, नाव सांगून शेजारी बसा. उद्या अकराला मी फोन करू का?” तिसरी गोष्ट आपोआप घडत नाही. त्या बाईला कोणीतरी हेरलेले असते, रात्रीची पाळी तिने मागून घेतलेली असते, गोळ्यांची लिंक कोणीतरी काढून टाकलेली असते आणि टाकणाऱ्याला खासगीत समजावलेले असते. फूल टाकणाऱ्या काकांनाही न दुखावता सांगितलेले असते.

हे मोजूनही पाहिले गेले आहे. रॉबर्ट क्राउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६मध्ये यूजनेट या जुन्या ऑनलाइन चर्चाव्यवस्थेतल्या काही गटांचा अभ्यास केला, तेव्हा चौथ्या हिश्शाहून जास्त मेसेजना एकही उत्तर मिळालेले नव्हते, आणि उत्तर न मिळालेला नवा माणूस पुन्हा लिहिण्याची शक्यता कमी होती. म्हणजे पहिल्या उत्तराची जबाबदारी कोणाच्या तरी नावावर असली पाहिजे. ते काम करणाऱ्याला ‘सेवा’ म्हणून फुकट राबवायचे आणि वर्गणी मात्र आपण घ्यायची, हे मला अजिबात पटत नाही. अमेरिका ऑनलाइनने नव्वदच्या दशकात हजारो स्वयंसेवकांकडून गप्पांच्या खोल्या सांभाळून घेतल्या. १९९९मध्ये ते कोर्टात गेले आणि २०१०मध्ये कंपनीने १.५ कोटी डॉलरवर तडजोड केली. सांभाळणाऱ्याच्या मनावर काय साठते याचीही आता नोंद झाली आहे. २०२०मध्ये फेसबुकने आपल्या नियंत्रकांच्या मानसिक त्रासाच्या दाव्यात ५.२ कोटी डॉलर देणे मान्य केले. लहान ग्रुपमध्ये त्या प्रकारचे भीषण व्हिडिओ येत नसतील, पण आत्महत्येचे मेसेज येतात.

तर आकडे मांडून पाहू. समजा ३०० जण महिन्याला १५० रुपये देतात आणि १०० जण फुकट आहेत. जमा ४५,००० रुपये. स्वतःचा सर्व्हर, ईमेल आणि माहितीची जादा प्रत यांना ३,००० धरा. पैसे गोळा करणाऱ्या सेवेचा आकार साधारण २ टक्के, म्हणजे ९००. हिशेबनीस २,०००. दोन अर्धवेळ नियंत्रक, प्रत्येकी ९,०००, मिळून १८,०००. प्रशिक्षित समुपदेशकाच्या महिन्याला आठ बैठका, प्रत्येकी १,५००, म्हणजे १२,०००. एकूण ३५,९०० जाऊन चालकाच्या हाती ९,१०० उरतात. पैसे देणारे ४०० झाले की हीच रक्कम २३,८००वर जाते, पण तेवढ्यात तिसऱ्या नियंत्रकाची गरज भासू लागते. याच्यावर घर चालत नाही. नोकरी सोडून यात उडी घ्या असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. मात्र अर्धा दिवस देऊन अर्ध्या पगाराइतके मिळवणे, आणि उरलेले पालकांच्या कार्यशाळा, पुस्तिका, घरी येणाऱ्या काळजीवाहकांचे प्रशिक्षण यांतून उभे करणे शक्य आहे. केव्हिन केली यांनी २००८मध्ये मांडलेला ‘हजार खऱ्या चाहत्यां’चा हिशेब, म्हणजे मनापासून पैसे देणारे हजार जण असले की पोट चालते, सगळे सांगतात, पण तो एकट्या कलावंताचा आहे. आधाराच्या ग्रुपमध्ये हजार माणसे म्हणजे हजार घरांची दुखणी, ती सांभाळायला माणसे वाढवावीच लागतात.

दीडशे रुपयांची वर्गणी दहा वर्षांपूर्वी गोळा करणे जवळजवळ अशक्य होते. चेक, मनीऑर्डर, आठवण करून देणारे फोन. यूपीआय २०१६मध्ये आले, २०२०मध्ये त्यात ऑटोपेची सोय झाली आणि दरमहा आपोआप पैसे वळते होऊ लागले. लहान व्यवसायाला याने जेवढा हातभार लावला तेवढा कोणत्याही ॲपने नाही. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणीही लागत नाही. खाते मात्र पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावे आणि दर तिमाहीचा जमाखर्च ग्रुपवर टाकावा. आपले पैसे कुठे गेले हे कळणारा सभासद वाढीव वर्गणीही कुरकुर न करता देतो.

व्हॉट्सॲपची एक अडचण फार कमी बोलली जाते. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा मोबाइल नंबर प्रत्येकाला दिसतो. छळातून बाहेर पडलेल्या बाईसाठी हा थेट धोका आहे. नवऱ्याचा एखादा मित्र खोट्या नावाने आत आला की संपले. म्हणून पहिले काही महिने व्हॉट्सॲपवर माणसे जमवावीत, पण मन मोकळे करण्याची जागा नंबर न दिसणारी, आपल्या ताब्यातली असावी. प्रवेशापूर्वी फोनवर पाच मिनिटे बोलावे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी सामायिक मालमत्ता सांभाळणाऱ्या गावांच्या अभ्यासातून दाखवले होते की आपले कोण आणि बाहेरचे कोण हे स्पष्ट असावे लागते, आणि चुकीला शिक्षा पायरीपायरीने वाढणारी असावी लागते. पहिल्या चुकीला समज, दुसऱ्यांदा आठवडाभर लिहायला बंदी, मग बाहेर. पहिल्याच फटक्याला ‘रिमूव्ह’ करणाऱ्या ॲडमिनच्या ग्रुपवर कोणी मन उघडत नाही.

कायद्याची भीती बऱ्याच जणांना वाटते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१मध्ये स्पष्ट केले की सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिनला केवळ ॲडमिन म्हणून दोषी धरता येत नाही, जोवर दोघांचा सामाईक हेतू दिसत नाही. यातून दिलासा मिळतो. पण पैसे घेऊन चालवणाऱ्यावर दुसऱ्या बाजूने जबाबदारी येते. २०२३चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा सांगतो की माहिती कशासाठी घेता ते आधी सांगा, संमती घ्या, आणि १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती घ्या. दहावी-बारावीच्या मुलांसाठी ग्रुप काढणाऱ्यांनी इकडे लक्ष द्यावे. आणि मधुमेह मुळापासून बरा, कर्करोगावर रामबाण अशा जाहिराती १९५४च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्यानेच निषिद्ध आहेत. काढेवाल्याला नाही म्हणायला तेवढे कारण पुरेसे आहे. समुपदेशकाच्या बैठका असल्या तरी ग्रुप म्हणजे दवाखाना नव्हे. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक वरती कायम दिसेल असा ठेवावा. २०२२पासूनची ही सरकारी सेवा मोफत आहे आणि मराठीतही बोलते.

फुकट जागा कोणाला द्यायच्या, यावर अनुभवी लोकांत मतभेद आहेत. काही जण उत्पन्नाचा दाखला मागतात. मला ते अपमानास्पद वाटते. जिचा नवरा अंथरुणाला खिळला आहे तिला तहसील कचेरीत रांग लावायला सांगून आपण कोणता आधार देणार? विचारेल त्याला द्यावे, आणि कोण फुकट आहे हे चालकाशिवाय कोणालाही कळू नये. गैरफायदा घेणारे निघतात, थोडे. त्यांचा खर्च वर मांडलेल्या शंभरांत धरलेला आहे. अधिक अवघड प्रश्न फोनचा आहे. अनेक घरांत स्मार्टफोन एकच असतो आणि तो मुलाच्या किंवा नवऱ्याच्या हातात असतो. अशा बाईसाठी आठवड्यातून एकदा ठरल्या वेळी साधा फोन करणे हाच ग्रुप. त्याचे तास नियंत्रकाच्या पगारात धरावेत.

राहिला प्रश्न चालक थकण्याचा. थकतोच. मेटाफिल्टर संस्थापकाच्या हातून २०१५मध्ये सुटले, पुढच्याच्या हातून २०२२मध्ये, पण दोन्ही वेळा ते तिथे आधी काम केलेल्या माणसाकडे गेले, म्हणून सभासदांना हादरा बसला नाही. संकेतस्थळाचा पत्ता ज्या नावावर नोंदवला आहे, पासवर्ड ज्यांच्याकडे आहेत, बँक खात्यावर ज्यांच्या सह्या चालतात, अशी किमान दोन नावे पहिल्या महिन्यातच लिहून ठेवावीत. तीन महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम बाजूला टाकावी आणि तिला हात लावू नये. बंद करायची वेळ आलीच तर नव्वद दिवस आधी सांगावे, ज्याचे लिखाण त्याला उतरवून घेऊ द्यावे, उरलेली वर्गणी परत करावी आणि मग बाकी सगळे पुसून टाकावे.